वऱ्हाडाचा वसंत आणि बालवाडीची भिंत

माघ संपत आला, की अमरावती-अकोल्याच्या अनेक बालवाड्यांच्या आणि कॉन्व्हेंटच्या भिंतींवर वसंत अवतरतो. हा वसंत घोटीव कागदाचा असतो. लाल-पिवळी ट्यूलिपची फुले, अंड्याच्या कवचातून डोकावणारे पिल्लू, लांब कानांचा पांढरा ससा, कापूस चिकटवून केलेला ढग आणि त्याखाली इंद्रधनुष्य असा त्याचा सरंजाम असतो. वर्गात तीस मुले असतील तर तीस ट्यूलिप असतात, आणि तीसही अगदी सारखी. त्याच दिवसांत पातूरच्या डोंगरात आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पळस पेटलेला असतो, आणि शाळेच्या अंगणातला कडुनिंब पाने गाळीत असतो.

शिक्षकमित्रांनो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘वसंत ऋतूचे उपक्रम’ म्हणून जे साहित्य सध्या फिरते आहे, त्याचे परीक्षण करण्याचा या लेखाचा उद्देश आहे. आम्ही त्यासाठी एखादे विशिष्ट पुस्तक निवडलेले नाही. हे साहित्य कधी स्पायरल बांधणीच्या उपक्रमवहीत असते, कधी मोबाईलवरून या शाळेतून त्या शाळेत जाणाऱ्या चित्रांत असते, आणि त्याला बहुधा लेखक नसतो. परंतु लेखक नाही म्हणून मजकूर निर्दोष ठरत नाही. उलट, ज्या मजकुराची जबाबदारी कोणी घेत नाही, तो अधिक बारकाईने तपासायला हवा. या वयातल्या मुलाला विज्ञान हा शब्दही ठाऊक नसतो. तरीही डोळ्यांनी पाहावे, हाताने चाचपावे आणि जे आढळेल ते खरे मानावे, ही विज्ञानाची पहिली सवय लागण्याचे किंवा मोडण्याचे हेच वय आहे.

प्रथम या साहित्याचे गुण

एकतर्फी टीका उपयोगाची नाही. कात्रीने वळणावर कापणे, घडी घालणे, चिमटीत धरून चिकटवणे यांमुळे बोटांवर ताबा येतो. पुढे पेन्सिल धरताना त्याचा उपयोग होतो. कागद स्वस्त असतो, पसारा कमी होतो आणि पालकांना दाखवायला काहीतरी हाती लागते. एकाच शिक्षिकेला तीस-चाळीस मुले सांभाळायची असतात, तेव्हा या सोयींचे मोल कमी लेखता येत नाही.

कागदकामाला मोठी परंपराही आहे. जर्मनीत फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. घडीकाम, कातरकाम, कागदाचे विणकाम, मातीकाम, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खुपसून आकार उभे करणे हे सारे त्यांच्या पद्धतीत होते. एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शिक्षणपद्धती उभारण्यापूर्वी फ्रोबेल बर्लिनच्या खनिज संग्रहालयात वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करीत होते. घन, चिती, घडीच्या रेषा यांवरचा त्यांचा भर त्या अनुभवाशी जुळणारा आहे. कागदाला घडी घातली की चौकोनाचे त्रिकोण होतात आणि उलगडले की पुन्हा चौकोन होतो, हे मुलाने स्वतः शोधावे अशी त्यांची अपेक्षा होती. पुढे त्यांच्याच अनुयायांच्या हाती या खेळांची कवायत झाली. बाईंनी घडी सांगायची, सर्वांनी एकदम घालायची. आजच्या उपक्रमपानांना ही कवायत वारशाने मिळाली आहे, शोध मात्र मिळालेला नाही.

पहिला आक्षेप : ऋतू चुकीचा

ट्यूलिप हे वाईट फूल नाही. परंतु त्याच्या कंदाला फुलण्यापूर्वी काही आठवड्यांची कडक थंडी लागते, आणि ती अकोल्याला कधीच मिळत नाही. युरोपातला वसंत म्हणजे बर्फ वितळणे, उघड्या झाडांना पाने फुटणे. तिथल्या मुलाने हिरवे पान चिकटवले तर तो खिडकीबाहेर पाहिलेलेच चिकटवीत असतो.

वऱ्हाडात क्रम निराळा आहे. जमिनीतला ओलावा कमी होऊ लागतो, तसतशी इथल्या पानझडी जंगलातली झाडे पाने गाळून पाण्याची बचत करतात. पळस आणि काटेसावर यांना फुले येतात ती बहुधा निष्पर्ण फांद्यांवर. पाने आड येत नसल्याने ही फुले दुरूनही दिसतात, आणि मधासाठी येणाऱ्या पक्ष्यांना ती सोयीची पडतात. पिंपळाची नवी पालवी तांबूस असते. मार्चअखेर पारा चाळिशीच्या घरात जातो, नदी-नाले आटतात, आणि ऐन त्या वेळी झाडे नवी पाने काढू लागतात. पावसाच्या आधीच ही पालवी कशी फुटते, हा मोठ्यांनाही विचार करायला लावणारा प्रश्न आहे. इंद्रधनुष्य मात्र त्या महिन्यात सहसा नसते, आणि सुगरण घरटे विणते ती पावसाळ्यात.

‘वसंतात झाडे हिरवीगार होतात, ढग येतात, पिल्ले जन्मतात’ असे पानावर छापलेले असते आणि मुलाला अंगणात पाचोळा दिसत असतो. चार वर्षांचे मूल यावर वाद घालीत नाही. ते मुकाट्याने हिरवे पान चिकटवते. शाळेत जे सांगतात ते डोळ्यांना दिसते त्याहून निराळे असते आणि शाळेत शाळेचेच खरे मानायचे, एवढे मात्र ते शिकते. पुढे आठवीत ‘निरीक्षण लिहा’ म्हटल्यावर मुले बाजूच्याची वही पाहतात, अशी तक्रार आपण सगळेच करतो. त्या सवयीचे एक मूळ इथेही असावे असे आम्हाला वाटते.

दुसरा आक्षेप : वस्तू मुकी केली जाते

त्या ढगाच्या कापसाकडे जरा पाहू. निळ्या कागदात गुंडाळलेली कापसाची पट्टी दुकानातून विकत येते आणि ढग किंवा बर्फ म्हणून चिकटवली जाते. हे कुठे चालते? तर अकोला, अकोट, अमरावती, बडनेरा अशा गावांत, जिथे जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात कापसाचे ढीग पडतात आणि वेचणी संपल्यावर शिवारात पऱ्हाट्या उभ्या असतात. वऱ्हाडातल्या मुलाने कापूस प्रथम बर्फ म्हणून ओळखावा, यापरती विसंगती कोणती?

पण विसंगती दाखवून थांबणे पुरेसे नाही. तोच कापूस मुलाच्या हाती वेगळ्या रीतीने देता येतो. घरातून मूठभर सरकीसह कापूस आणा. मुलाला बोटांनी सरकी सोडवू द्या. ती सहज सुटत नाही, कारण प्रत्येक धागा सरकीच्या सालीतूनच उगवलेला असतो. कापसाचा एक धागा म्हणजे एकच पेशी. तिची लांबी अडीच-तीन सेंटिमीटर असते आणि जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. मुलाला हे सांगण्याची गरज नाही. त्याच्या बोटांना चिवटपणा कळतो तेवढे पुरे. मग एका वाटीतल्या पाण्यावर हा कापूस ठेवा आणि दुसऱ्या वाटीतल्या पाण्यावर दुकानातला. दुकानातला लगेच भिजून बुडतो, घरचा तरंगत राहतो. धाग्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. औषधी कापूस तयार करताना तो अल्कलीत उकळून काढलेला असतो.

हा खेळ आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण यात वस्तू मुलाला उत्तर देते. दोन पांढऱ्या, मऊ, सारख्या दिसणाऱ्या वस्तू वेगळ्या वागतात. मूल पुन्हा करून पाहते, दाबून पाहते, हातात पिळते. शिक्षिकेने ‘शाब्बास’ म्हणण्याची गरजच उरत नाही. कागदी ढगात कापसाला मात्र बोलायला जागा नसते. तो कुठे चिकटवायचा हे आधीच छापलेले असते.

एक खबरदारी घ्यावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना झालेली विषबाधा आपण विसरलेलो नाही. म्हणून फवारणी झालेल्या शेतातून मुलांनी कापूस तोडून आणू नये. कापूस मोठ्यांनी आणावा, झटकून घ्यावा, आणि खेळानंतर हात साबणाने धुवावेत. जिनिंगच्या धुळीत तर मुलांना नेऊच नये.

तिसरा आक्षेप : रंगवलेले तांदूळ

अलीकडे ‘संवेदन-खेळ’ या नावाने एक प्रकार आला आहे. घमेल्यात रंगवलेले तांदूळ, साबुदाणा किंवा शेवया भरायच्या आणि मुलांनी त्यात हात घालून खेळायचे. स्पर्शाचे शिक्षण हवे, याबद्दल दुमत नाही. माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले तेव्हापासून इंद्रियशिक्षण हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. परंतु त्यांच्या साहित्यात एका वेळी एकच गुण बदलतो. खरखरीतपणा बदलला तर रंग आणि आकार तेच राहतात. मुलाला फरक नेमका कशाचा आहे हे कळावे, हा त्यामागचा हेतू होता. सहा रंगांच्या तांदळात हात घातला तर स्पर्श सर्वत्र एकच असतो. रंग बदलतो, आणि रंगाला स्पर्श नसतो. तेव्हा या खेळाला स्पर्शाचा खेळ म्हणणेच चुकीचे आहे.

याहून गंभीर गोष्ट नैतिक आहे. याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. तिथल्या कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ मध्ये साऱ्या राज्यासमोर आला आणि तो अजून संपलेला नाही. जिथे अंगणवाडीचा तांदूळ हा काही मुलांच्या दिवसभराच्या जेवणाचा मोठा भाग असतो, त्या जिल्ह्यात तांदूळ रंगवून, खेळून फेकून द्यायचा धडा मुलांना देऊ नये. दुसरीकडच्या एखाद्या सुखवस्तू वर्गात हा खेळ निरुपद्रवी असेलही. इथे तो शोभत नाही.

आणि गरजही नाही. फाल्गुनात चिंच फोडायचे दिवस असतात. चिंचोके गुळगुळीत, सरकी लवदार, कुटार टोचरे, वाळू खरखरीत, काळ्या मातीचे पीठ मऊ. पाच फडक्यांच्या पिशव्यांत ही पाच द्रव्ये भरावीत आणि डोळे मिटून ओळखायला सांगावीत. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके देऊ नयेत. ते नाकात किंवा घशात जाण्याचे भय असते.

‘आपल्याकडे सगळे होतेच’ हेही अपुरे

या टीकेचा कोणी असा अर्थ काढील, की परदेशी पान टाकले आणि परंपरेचे उचलले म्हणजे झाले. तसे नाही. परंपरेलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

होळीच्या चाकोल्यांचेच घ्या. वऱ्हाडात होळीपूर्वी पोरे शेणाच्या लहान चकत्या थापतात, मधोमध भोक पाडतात, उन्हात वाळवून त्यांच्या माळा ओवतात आणि होळीत वाहतात. (वरणात शिजवलेल्या कणकेच्या तुकड्यांनाही इथे चाकोल्याच म्हणतात, हे वऱ्हाडी वाचकांना सांगायला नको.) हस्तकाम म्हणून हा नमुना उत्तम आहे. थापणे, भोक पाडणे, वाळण्याची वाट पाहणे, ओवणे, मोजणे हे सारे त्यात येते. परंतु ताज्या शेणात रोगजंतू असू शकतात, आणि हातावर जखम असल्यास धनुर्वाताचा धोका असतो. म्हणून वर्गात आम्ही शेणाऐवजी काळी माती सुचवतो. आणि इथेच एक सुंदर प्रयोग हाती येतो. नुसत्या काळ्या मातीची चाकोली वाळताना तडकते. वाळू मिसळलेली कमी तडकते. कुटार मिसळलेली बहुधा एकसंध राहते. वऱ्हाडच्या काळ्या मातीतली चिकणखनिजे पाणी घेऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आणि चाकोलीची भेग एकच आहे. दुसऱ्या दिवशी मुले स्वतः सांगतात, ‘माही फुटली, तिची नाही फुटली.’ मग ‘का?’ हा प्रश्न शिक्षिकेला विचारावा लागत नाही. भिंतीत घालायच्या मातीत कुटार का मिसळतात, हे एखाद्या मुलाच्या आजीला ठाऊक असते. तिला त्या दिवशी वर्गात बोलवावे.

पळसाचेही तसेच. गळून पडलेली फुलेच गोळा करावीत, कारण झाडावरचा मध पक्ष्यांचा असतो. कळीचा काळपट निदल हाताला मखमलीसारखा लागतो. फूल उघडले की एक मोठी पाकळी, दोन पंखांसारख्या आणि दोन जुळून झालेली पोपटाच्या चोचीसारखी होडी दिसते. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ चोच उघडली की दहा पुंकेसर सापडतात, नऊ जोडलेले आणि एक सुटा. वाटाणा, हरभरा, तूर यांच्या फुलांचीही घडण अशीच. फुले कोमट पाण्यात कुस्करली की पिवळसर केशरी रंग उतरतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तो गडद होतो. हळदीच्या पाण्यात सोडा टाकला तर ते लाल होते, आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. चुना मात्र मुलांपासून दूर ठेवावा, डोळ्यात गेला तर इजा होते. या रंगांनी कपड्याची पट्टी रंगवून पाहावी, एक नुसती आणि एक तुरटीच्या पाण्यात बुडवलेली, आणि दोन्ही धुऊन पाहाव्यात.

इथे परंपरेच्या नावाने एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पळसाचा रंग त्वचेचे सर्व रोग घालवतो.’ विज्ञानशिक्षकाने हे वाक्य वर्गात उच्चारू नये. रंग झाडापासून निघाला एवढ्यावरून तो औषध ठरत नाही. हळदीतही भेसळ असू शकते. आपण मुलांना ट्यूलिपच्या बाबतीत खिडकीबाहेर पाहा म्हणणार असू, तर पळसाच्या बाबतीतही ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय सांगता कामा नये.

खाऊची गोष्ट

उपक्रमपानांत शेवटी खाऊ असतो. बिस्किटावर रंगीत साखरेचे दाणे टाकून ‘वसंताचे बिस्किट’ करायचे. आमच्याकडे याला पर्याय म्हणून गाठी पुढे केली जाते. होळी-पाडव्याला मुलांच्या गळ्यात घालायची ही साखरेची माळ वऱ्हाडात घरोघरी दिसते. पौष्टिकतेच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, दोन्ही साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर ही मर्यादा ३२ ग्रॅमच्या आसपास येते. गाठीची एक मोठी माळ ती सहज ओलांडते. तेव्हा स्वदेशी म्हणून गाठीला सवलत देता येणार नाही.

फरक आहे तो एवढाच, की गाठीला विचारण्यासारखे बरेच आहे. १०० ग्रॅम पाण्यात साध्या तापमानाला सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ ४८० ग्रॅम. पाक लाकडी साच्यात, दोऱ्यावर ओतला की थंड होताना जास्तीची साखर भराभर बाहेर पडते आणि असंख्य बारीक स्फटिक एकमेकांना चिकटतात. प्रकाश त्यांच्या अगणित पृष्ठांवरून विखुरतो, म्हणून गाठी पांढरी दिसते. हेच हळूहळू, दिवसेंदिवस घडू दिले तर दोऱ्यावर मोठे, पारदर्शक स्फटिक वाढतात. ती खडीसाखर. गाठीचा एक तुकडा आणि खडीसाखरेचा एक खडा मुलाच्या हाती द्या. भिंगातून पाहू द्या, खडीसाखर कुटून ती पांढरी कशी होते ते दाखवा, आणि मग चिमूटभर चाखू द्या. पाक मात्र मुलांसमोर उकळू नये. उकळत्या पाण्यापेक्षा तो अधिक तापतो आणि अंगाला चिकटून राहतो. स्फटिकशास्त्र सोडून मुलांकडे वळलेल्या फ्रोबेलना हा खाऊ नक्की आवडला असता.

चैत्रातली खरी मेजवानी वाळवणाची. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात, तेव्हा घरातली मुले शिजलेल्या गरम चिकासाठी वाटी घेऊन बसतात. वर्गात याचे छोटे रूप करता येते. कणकेचा लिंबाएवढा गोळा वाटीतल्या पाण्यात मुलाने चोळत राहावे. पाणी दुधासारखे होते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. पाण्यात गेला तो स्टार्च, उरले ते ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या बेक्कारी यांनी ही विभागणी वर्णन केली आणि ती १७४५ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या बायका चीक काढताना तेच वेगळे करीत आल्या आहेत. तासाभराने पाणी ओतून द्यावे. तळाच्या दाट साक्यात बोट पटकन खुपसले तर तो घट्ट लागतो, हळू घातले तर आत शिरते. इतका चांगला संवेदन-खेळ आम्हाला कोणत्याही छापील पानावर आढळला नाही. अन्न फुकट जाण्याचा आक्षेप येथे येऊ नये म्हणून गोळा लिंबाएवढाच घ्यावा, आणि त्याच दिवशी घरी चीक निघाला असेल तर तो मुलांनी आवडीने खावा.

पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ देतात. तिथे एक जुनी चूक सुधारण्याची संधी आहे. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा अजूनही काही तक्त्यांवर दिसतो. १९०१ मध्ये हेनिग यांनी मोजलेले किंचित फरक १९४२ मध्ये बोरिंग यांच्या आलेखातून अतिशयोक्त झाले आणि त्यांतून हा नकाशा रूढ झाला. वस्तुतः सर्व चवी जिभेच्या सर्व रुचिकलिका असलेल्या भागांवर कळतात. पाडव्याच्या दिवशी मुले स्वतःच तक्ता खोटा ठरवू शकतात. कडू जिभेच्या टोकालाही कळते.

योजना आणि कपाट

कोणी म्हणेल, हे सारे सरकारी धोरणात आलेच आहे. खरे आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयोगटासाठी खेळ, स्थानिक साहित्य, स्थानिक भाषा यांवर भर आहे. २० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘जादुई पिटारा’ ही खेळसाहित्याची पेटीही आली. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. परंतु स्थानिक साहित्य दिल्लीहून पेटीत घालून पाठवता येत नाही, ही साधी अडचण उरतेच. शिवाय पेटीतले साहित्य हरवेल या भीतीने ती कपाटात राहण्याची शक्यता असते, आणि अंगणवाडी सेविकेवर वजन-उंचीच्या नोंदी, आहारवाटप, सर्वेक्षणे यांचा एवढा भार आहे, की उपक्रमासाठी उसंत मिळणे कठीण. चिंचोके हरवले तर कोणी जाब विचारीत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी लग्नानंतरची काही वर्षे अमरावतीत काढली. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले, आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्यासोबत होत्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून त्यांनी बिया, शंख, पाने, काड्या, माती यांतून साधने उभी केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या योजनेतला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामाची आठवण देतो. त्या अंगणातच आता विकतचे ट्यूलिप लागावे, हे खटकते.

मेळघाटातल्या कोरकू मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न भाषेचाही आहे. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. अंगणवाडीत मराठीतून ‘हे ट्यूलिप’ असे सांगितले तर मुलाला दोन गोष्टी अनोळखी असतात, शब्द आणि वस्तू. पळस किंवा मोहाचे फूल हाती दिले तर एकच अनोळखी राहते, शब्द. आणि त्या फुलाचे कोरकू नाव मूल बाईंना शिकवू शकते. होळीचा फगवा मागत रस्त्यावर धीटपणे उभे राहणारे हेच मूल वर्गात मुके होते, तेव्हा दोष मुलाचा मानू नये.

उपक्रम निवडताना

शेवटी शिक्षकांसाठी तीन प्रश्न. छापील पान असो वा परंपरेतला खेळ, निवडण्यापूर्वी ते विचारावेत.

एक, हे या महिन्यात, आमच्या गावात, शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दिसते का? दोन, तीस मुलांनी केले तर तीस निरनिराळ्या गोष्टी घडू शकतात का, आणि त्यांतली एखादी आम्हालाही आधी ठाऊक नसलेली असू शकते का? तीन, यात अन्न, औषध किंवा आरोग्य यांबद्दल असे काही आहे का, जे आम्ही तपासलेले नाही?

घोटीव कागद टाकून द्यायला आम्ही सांगत नाही. ज्या मुलाने सकाळी पळसाचे फूल उघडून दहा केसर मोजले, त्याला दुपारी कागद आणि कात्री द्यावी, नमुना देऊ नये. तो कापील ते फूल वेडेवाकडे होईल, कदाचित चोच मोठी आणि पाकळ्या तीनच होतील. ते तसेच भिंतीवर लावावे, आणि पालक विचारतील तेव्हा मुलालाच सांगू द्यावे.